बस्तेवाले आण्णा

आण्णांना नांदेड कळायचं नाही. माणूस आयुष्यभर मुखेडात राहिलेला, महिन्या-दोन महिन्याला जिल्ह्याच्या गावी जाणारा. पण एसटी स्टँडच्या बाहेर पडला की हमखास चुकायचा. एकदा वजिराबादला बटणं आणायला निघाले आणि थेट गोदावरीच्या घाटावर जाऊन उभे राहिले. बटणं न घेताच परत आले. "काय गाव हाय का हे? रस्त्याला रस्ता न्हाई," म्हणून वर नांदेडलाच रागे भरले. आणि हाच माणूस हैद्राबादेत, चारमिनारच्या पोटातल्या ज्या गल्ल्यांत तिथले रिक्षावालेसुद्धा दोनदा विचार करून वळतात, त्या गल्ल्यांतून पंधरा माणसं मागं घेऊन, हात पाठीशी बांधून, रमतगमत चालायचा.

आण्णा आमच्या समोरच्या ओळीत राहणारे टेलर. पण त्यांना टेलर फारसं कुणी म्हणत नसे. ते 'बस्तेवाले आण्णा'. आमच्याकडं लग्नाचा बस्ता बांधायला हैद्राबादला जायची रीत जुनी. नवरीकडची आणि नवरदेवाकडची माणसं एका जीपमधून जाणार, पत्थरगट्टीत साड्या, लाड बाजारात बांगड्या, आणि संध्याकाळी गाठोडी टपावर बांधून परत. या फेरीत आण्णा नसतील तर तारीखच पुढं ढकलायची. मराठ्यांचं लग्न असो, लिंगायतांचं, मुसलमानांचं, की आमचं बौद्धांचं, जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा आण्णांची. मोबदला म्हणून टॉवेल-टोपी घ्यायचे, तेही नाइलाजानं. मान हवा असायचा त्यांना, दुसरं काही नाही.

अशा माणसाला मी चार लोकांत चुकीचं ठरवलं. तेही कुठं, तर जिथं ते कधीच चुकत नव्हते तिथं. पुढं ते दुरुस्त करायला मला वेळ होता, संधी होती, अक्कल मात्र नव्हती. आता अक्कल आली आहे तर आण्णा नाहीत.

त्यांच्या तोंडी 'शहर' हा शब्द आला की तो फक्त एका जागेसाठी. "शहर म्हंजी चार कमानींच्या आतलं. गुलजार हौजपाशी हुबं ऱ्हायचं, चारी बाजूला कमान दिसली पायजे. त्याच्या भायेर जे हाय ते नुसत्या वस्त्या." मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होते तेव्हा सुट्टीत आले की त्यांना मुद्दाम छेडायची. आण्णा, हैद्राबादेत आता काचेच्या मोठमोठ्या इमारती झाल्यात, आमच्या कॉलेजची पोरं तिथं नोकरीला जातात, तुमच्या चारमिनारकडं कोण फिरकतं? ते मशीन थांबवायचे, चष्म्यावरून बघायचे. "इंजिनेरबाई, त्या काचंच्या इमारतीतल्या पोराचं लगीन ठरलं की त्याची माय कुठं येतीया? शहरातच येतीया का न्हाई?" मग मशीन पुन्हा सुरू. आपण जिंकलो हे त्यांना पुन्हा सांगावं लागत नसे.

तरुणपणी ते पत्थरगट्टीतल्या एका दुकानात काम शिकले होते. त्यामुळं त्यांची भाषा म्हणजे खिचडी. आमच्याशी मुखेडी, मशीनशी दखनी. दोरा तुटला की "कायकू रे बाबा, सुबह सुबह!" असं सुईला विचारायचे. कापड ते डोळ्यांनी बघतच नसत. दुकानदार साडी उलगडून उजेडात धरतोय, बायका आहाहा करतायत, आणि आण्णा तोंड फिरवून पदराचं टोक अंगठा आणि बोटात चोळत बसलेत. "रंग सगळ्याचाच चांगला ऱ्हातो दुकानात," म्हणायचे. त्यांनी चिमटीतलं टोक सोडून दिलं की ती साडी बाजूला पडायची. दुकानदार कुरकुर करी, पण पुढच्या वेळी आण्णांना बघून आधी गादी झटकायचा.

त्यांच्या बरोबर गेलेली माणसं परत आल्यावर एक तक्रार मात्र हमखास करत. पुरुषमाणसं बरं का. "आण्णा फिरवतात लई. सरळ जायचं सोडून त्या कुठल्या गल्लीबोळातनं नेतात." बायका यावर काही बोलत नसत. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते आणि मनात पक्कं करून ठेवलं होतं की आण्णांना जुन्या ओळखीपाळखीच्या दुकानांवरून मिरवत जायची हौस आहे. बायका का बोलत नाहीत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

माझं लग्न लातूरच्या घरात ठरलं. मी तिथंच एका ऑफिसात नोकरीला होते. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे, जरा जास्तच मोकळे. सासूबाई कमी बोलणाऱ्या. त्यांना गुडघेदुखी, वर साखर. बस्ता नांदेडलाच बांधावा असं मी म्हणत होते, पण आमचे बाबा ऐकतात कुठले! "आण्णांनी तुझ्या जन्माच्या आधीपासून सांगून ठेवलंय, पोरगी झाली तर बस्ता शहरातून." मग उजाडायच्या आत जीप निघाली. मुखेड, देगलूर, पुढं तेलंगणा. पुढच्या सीटवर आण्णा, धुतलेला पांढरा शर्ट, नवी टोपी. मागं आम्ही सहा बायका आणि चार पुरुष. माझ्या आईलाही हैद्राबाद पहिल्यांदाच, कारण तिच्या लग्नाचा बस्ता उमरीच्या बाजारातच उरकला होता.

मदिना चौकात जीप सोडली तेव्हा ऊन चढलेलं. मला एकच धास्ती होती, सासरच्यांना त्रास व्हायला नको. पत्थरगट्टीतून जाताना चारमिनार समोर दिसायला लागला. सगळे खूश झाले, फोटो निघाले. आणि तेवढ्यात आण्णा डावीकडच्या एका बोळात वळले. अरुंद बोळ, वर लोंबत्या वायरी, एका बाजूला चांदीचा वर्ख कुटणारे. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या. मी फोन काढला. साड्यांच्या ज्या दुकानाचं नाव बाबांनी सांगितलं होतं ते घातलं. फोन म्हणाला, सरळ, सहा मिनिटं.

"आण्णा," मी मागून हाक मारली, "चुकलं हे. दुकान सरळ आहे. आपण उलटे चाललोय."

आण्णा थांबले. मागं वळून म्हणाले, "ठावं हाय पोरी. ह्या गल्लीत जरा काम हाय माझं. दहा मिनिटं."

"तुमची कामं नंतर करा ना आण्णा! मावशींचे गुडघे दुखतायत. हे बघा, फोनमध्ये स्पष्ट दिसतंय." आणि मी फोन त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. त्यांना चष्म्याशिवाय त्यातलं काही दिसणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी धरला.

सासरे मोठ्यानं हसले. "आण्णा, तुमचं हैद्राबाद बदललं की हो! नव्या पिढीच्या मागं चला आता."

आण्णांनी एकदा गल्लीच्या आत बघितलं, एकदा आमच्या बायकांच्या घोळक्याकडं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग सासऱ्यांकडं बघून मिटलं. "हाव," म्हणाले, "बदललं असंल. चला, पोरगी म्हणती तसं."

त्या दिवशी मी पुढं चालले, फोन हातात धरून, आणि आण्णा सगळ्यांच्या मागं. मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते. अभिमान वाटला. सासूबाईंची पायपीट वाचवली, सासऱ्यांनी कौतुक केलं, सहा मिनिटांत दुकान आलं.

बस्ता मात्र मनासारखा झाला नाही. सासूबाईंचा चेहरा दुपारपासून उतरत गेला. पाणी घ्या म्हटलं तर मान हलवायच्या. चहा नको, सरबत नको. माझी आईसुद्धा कोरड्या ओठांनी बसून. दाखवेल ती साडी "छान आहे, चालेल." मला वाटलं, पसंतच पडत नाहीय यांना काही, आता आयुष्यभर ऐकावं लागणार. दुकानातला पोरगा एकावर एक लाल-हिरव्या साड्या टाकत होता. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. मी तसं सांगितलं तर तो थबकला. "शादी में सफेद?" असं म्हणून दुसऱ्याकडं बघून हसला. बाबा उठायला लागले. फोनमध्ये याच्यावर काही उत्तर नव्हतं.

तेव्हा दारापाशी बसलेले आण्णा उठून आले. आवाज चढवला नाही. "हौ मियाँ, सफेद. हमारी बच्ची सफेद पहनके दुल्हन बनती. खिदमत करनी तो करो, नै तो तुम्हारे सेठ कू बुलाओ, उनके अब्बा मेरे पहचान के." पोरगा मागं वळला. वरच्या कप्प्यातून पांढऱ्या रेशमाच्या चार घड्या खाली आल्या. आण्णांनी चारही टोकं चिमटीत चोळली आणि तिसरी माझ्यापुढं सरकवली. काठाला बारीक जर. अजून आहे माझ्याकडं. मला वाटलं, चला, आण्णांचा राग गेला. माफी मागायचं राहिलं ते तिथंच राहिलं.

लाड बाजार बघायचाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, घरी चला. येताना शहराबाहेर पहिला पेट्रोल पंप लागला तशा सगळ्या बायका, सासूबाईसुद्धा, जीप नीट थांबायच्या आत उतरून मागच्या बाजूला धावल्या. मीही धावले. घराबाहेर पडलं की दिवसभर कळ सोसायची, एवढं आम्हा पोरींना शाळेपासून अंगवळणी पडलेलं. त्यात विशेष काय वाटणार? सासूबाईंना मात्र चार दिवस ताप आला. लघवीला जळजळ, डॉक्टर, सलाईन. बाबांनी आण्णांना ते सांगितलं म्हणे. आण्णा म्हणाले, "माझंच चुकलं. मी बोलाय पायजे होतं." बाबांना वाटलं, म्हातारा उगाच स्वतःला लावून घेतोय.

त्यानंतर आण्णा शहरात गेले नाहीत. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "आता फोन हाय की. फोन धरा, चला." चिडून नव्हे हो, अगदी साधेपणानं. लोकांनीही एकदा आग्रह केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा खरंच फोन धरून गेले. गावाला तेवढंच पुरतं.

दोनेक वर्षांनी मी दिवाळीला माहेरी आले तर आण्णा स्वतः घरी आले. थकले होते. हातात नातवाचा फोन. "इंजिनेरबाई, ते रस्त्याचं कसं बघत्यात, मला शिकिव."

मला किती आनंद झाला! ओसरीवर बसून तासभर शिकवलं. ते लवकर शिकले. दोन बोटांनी नकाशा मोठा करायचं जमलं तेव्हा हसले. चारमिनार सापडला, गुलजार हौज सापडला, पत्थरगट्टीचा रस्ता सापडला. मग ते बोट त्या डावीकडच्या बोळावरून हळूहळू पुढं नेत गेले आणि एका जागी थांबले.

"इथं एक घर हाय. ते दिसंना."

"घरं नसतात त्यात आण्णा. दुकानं, मशिदी, हॉटेलं असतात."

"मंग लोकाला कसं कळंल?"

"काय कळायचंय लोकांना? कुणाचं घर आहे?"

"हाय एक जुनी वळख." थोडा वेळ बघत राहिले. "ह्यात आपण लिहिलं तर ऱ्हातंय का?"

"कुणाच्याही घरचा पत्ता असा टाकत नाहीत, आण्णा," मी समजावलं. शिकवणीच घेत होते ना मी! त्यांनी फोन बंद केला, खिशात ठेवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. आईनं विचारलं, काय म्हणत होते? मी म्हणाले, काही नाही, जुन्या आठवणी काढत होते. मला त्यांची कीव आली होती, हेही लिहूनच टाकते.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णा गेले. मी लातूरहून पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या अंगणात बायका बसल्या होत्या. त्यात आमच्या गल्लीतल्या महानंदामावशी. त्यांच्या तिन्ही मुलींचे बस्ते आण्णांनी बांधले होते. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "असा माणूस न्हाई गं व्हायचा. बाईच्या जातीला तोंड उघडून मागावं लागलं न्हाई कधी."

मी विचारलं, काय मागावं लागलं नाही?

"अगं, शहरात बाईमाणसानं जायचं कुठं? दुकानात इचारायची सोय न्हाई, सोबत याही, दीर, जावई. आण्णा काय करायचे, सगळ्यात पैलं त्या गल्लीत न्यायचे. तिथं एक म्हातारी हाय, बडी बी. आण्णा शिकायला व्हते तवा तिच्याच घरी जेवायचे. आण्णा दारावर थाप मारायचे आन आम्हाला म्हणायचे, 'माझी जुनी वळख हाय, तुम्ही बाया आत बसून पाणी पिऊन या, आम्ही भायेर चहा घेतो.' पुरुष लोकास्नी वाटायचं पाणीच प्यायला गेल्यात. आत मोरी, संडास, धुतलेला टॉवेल. दिवसभराची चिंता मिटली. मंग बस्ता कसा निवांत व्हायचा! दोन वाजता परत एक फेरा. त्याच्यासाठीच तर गोल गोल फिरवायचे, ते घर दर खेपंला वाटंत यावं म्हणून."

मला त्या अंगणात बसवेना. 'जरा काम हाय माझं.' किती सांभाळून बोलला होता तो माणूस! सहा बायका, पुढ्यात व्याही, नव्यानं होणारी सोयरीक. त्यांच्यासमोर खरं कारण सांगितलं असतं तर माझ्या सासूबाईंना मान वर करता आली नसती, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी माझ्या सासूबाईंची लाज राखली आणि स्वतः चुकलेला म्हातारा ठरून मागं चालले. हे मी लातूरला येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब फोन घेऊन गेलीस, त्यांना एकदा विचारलं असतंस." लग्नानंतर त्या मला रागानं बोलल्या ते एवढंच.

मागच्या हिवाळ्यात नणंदेचा बस्ता होता. नांदेड, लातूर, सगळीकडं मोठाली दुकानं झालीत, पण सासूबाईच म्हणाल्या, हैद्राबादला जाऊ. पत्थरगट्टीत चारमिनार दिसायला लागला आणि मी डावीकडं वळले. वर्ख कुटणारे तिथंच होते. त्यांच्यापुढं दोन फाटे. मी उभी राहिले. माझ्यामागं सासूबाई, नणंद, तिची होणारी सासू आणि जाऊ. मला कुठल्या दारावर थाप मारायची ते माहीत नव्हतं. शेवटी एका वर्खवाल्याला विचारलं, "मुखेडचे टेलर यायचे ना, औरतां को लेके, वो घर कौनसा?" त्यानं हातोडी खाली न ठेवता हनुवटीनं दाखवलं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

दार एका मध्यमवयीन बाईनं उघडलं. बडी बी चार वर्षांपूर्वी गेल्या, ही त्यांची सून. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या खांद्यावरून मागच्या बायकांकडं बघितलं आणि मी काही बोलायच्या आत तिला सगळं कळलं. "मुखेडवाले मास्टर के लोगां ना? आओ, आओ." मग गल्लीत दोन्ही बाजूंना नजर टाकून म्हणाली, "मास्टर किधर हैं?"

मी सांगितलं, आण्णा गेले.

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "अम्मी आखिर तक पूछते थे उनकू. कित्ते साल हो गए, आयेच नै. हम समझे, बुड्ढे हो गए, रस्ता भूल गए होंगे."

"नाही हो," मी म्हणाले. हिंदी, दखनी काही सुचेना, तोंडातून मराठीच निघत गेलं. "रस्ता त्यांना पाठ होता. मीच त्यांना वाटेतून मागं फिरवलं. मीच."

तिला किती समजलं कोण जाणे. ती दारातून बाजूला सरली, सासूबाईंचा हात धरून त्यांना उंबऱ्यावरून आत घेतलं, आणि मला म्हणाली, "तुम बी आओ बेटा. बाहर कायकू खड़े?"